बुध्याची पहिली रात्र

अक्कलकुवा हे बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्गावरचं गाव. ट्रक, ढाबे, गुजरात पासिंगच्या गाड्या, सगळं महामार्गावर असतं तसं. इथून मोलगीचा रस्ता धरला की थोड्याच वेळात देवगोईचा घाट सुरू होतो आणि सपाटी मागे पडते. फाल्गुनात दोन्ही अंगांना पळस पेटलेला असतो, मोहाच्या झाडाखाली पालापाचोळा जाळून जमीन साफ केलेली दिसते. होळीच्या आधीच्या आठवड्यात या घाटातली गर्दी एकाच दिशेची असते, वरच्या. बार्डोली, सुरत, भरूचकडे ऊसतोडीला आणि मजुरीला गेलेली कुटुंबं परतत असतात. दिवाळीला एखादा आला नाही तरी चालतं. होळीला आला नाही तर घरचे विचारात पडतात.

आमच्या क्रूझरमध्ये माणसं किती होती ते ड्रायव्हरलाही सांगता आलं नसतं. टपावर एक भलामोठा ढोल दोरखंडाने आवळून बांधला होता. ढोलाचं भाडं लावत नाहीत, एवढं मात्र ड्रायव्हरने आवर्जून सांगितलं. माझ्या शेजारी सुरतच्या कापड मिलमधून सुट्टी काढून आलेला एक मुलगा बसला होता. विशीच्या आतबाहेरचा, पायात पांढरे बूट, कानात इअरफोन. वळणावळणावर तो मोबाइलची रेंज बघत होता. मध्येच म्हणाला, “सर, यंदा मी बुध्या बनणार आहे. पहिल्यांदा.” परीक्षेचा नंबर कुठे आलाय ते सांगावं अशा सुरात. बुध्या म्हणजे होळीत नवसाने साज चढवून नाचणारा.

याच डोंगरमाथ्यावर डाब आहे. हिवाळ्यात इथे दव गोठतं आणि त्याचे फोटो नंदुरबारच्या वर्तमानपत्रांत येतात. अलीकडे इथले शेतकरी स्ट्रॉबेरीही काढतात. पण सातपुड्याच्या लेखी डाबचं महत्त्व निराळं आहे. देवी याहा मोगी आणि राजा पांठा यांच्या कथा डाबशी बांधलेल्या आहेत. याहा मोगीचं मोठं ठाणं गुजरातेत सागबाऱ्याजवळ देवमोगऱ्याला. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते आणि राज्याची सीमा कुणी विचारत नाही. होळीचा क्रमही याच भूगोलातून उतरतो असं इथले जाणते सांगतात. आधी देवांची होळी डाबला, मग राजाची काठीला, मग गावांच्या होळ्या. गावांनी आपापले दिवस वाटून घेतलेले असतात. म्हणून नाचणाऱ्यांना एका होळीवरून दुसरीवर चालत जाता येतं. काठी, मोलगी, तिकडे धडगावच्या बाजूची गावं. तंबू नाही, मालक नाही, तिकीट नाही, तरी ही जत्रा गावोगाव फिरते.

मोलगीत उतरलो तेव्हा भोंगऱ्या बाजार भरात होता. शहरी लेखकांनी या बाजाराचं फार नुकसान केलंय. मुलाने मुलीला गुलाल लावायचा, तिने हसायचं आणि दोघांनी पळून जायचं, ही गोष्ट इतक्यांदा छापून आली की आता बाहेरची माणसं ती शोधायलाच येतात. इथल्या लोकांना त्याचा राग येतो आणि तो रास्त आहे. भोंगऱ्या म्हणजे होळीचं सामान घ्यायचा बाजार. दाळ्या, गूळ, खजूर, खोबरं, साखरेचे हार-कंगन, घुंगरू, बेगड, रंगीत कागद, आरसे, काळे गॉगल. नव्या चांदीसाठी जुनी चांदी मोडायला आलेल्या बायका सराफापुढे ठाण मांडून होत्या आणि वजनकाट्यावरून नजर हलवत नव्हत्या. एरवी मोलगीचं नाव बाहेर जातं ते भगरीमुळे आणि आमचुरामुळे. होळी सरली की कैऱ्या उतरतात, घरोघरी त्या सोलून, कापून कौलांवर आणि खडकांवर वाळत घालतात. त्या खटाटोपाचा भाव शेवटी मोलगीच्या बाजारातच ठरतो, आणि तो ठरवणारा कैरी सोलणारा नसतो.

काठी इथून जवळच. आज ते एक लहानसं गाव आहे; एकेकाळी ते संस्थान होतं. पश्चिम खानदेशातल्या सहा मेहवासी जहागिरींपैकी एक: काठी, चिखली, नाला, सिंगपूर, नवलपूर आणि गव्हाळी. काठी त्यांत विस्ताराने मोठी. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, पण डोंगर त्यांच्या हाती आला नाही. भिल्लांना आवरायला भिल्लांचीच पलटण उभारायची, या विचाराने १८२५ मध्ये धरणगावला जेम्स औट्रमच्या हाताखाली भिल्ल कोअर सुरू झाली. मेहवासी राजांशी मात्र सरकारने बेताने घेतलं. त्यांचा कारभार कलेक्टरच्या नजरेखाली, पण बराचसा त्यांच्याच रीतीने चालू राहिला. स्वातंत्र्यानंतर, १९६१ च्या कायद्याने, या जहागिरींचे मालकी हक्क संपले. राज्य गेलं, होळी राहिली. ती १२४६ पासून चालत आली आहे असं गावात सांगतात, वर्तमानपत्रंही दरवर्षी तेच साल छापतात. सालाचा कागद कुणी पुढे केला नाही, मीही मागितला नाही. सोळा पानांच्या सनदेपेक्षा दरवर्षी उभा राहणारा होळीचा दांडा मला जास्त भरवशाचा पुरावा वाटतो.

सुरतेहून आलेल्या मुलाची पालनी मोलगीत पोहोचताच सुरू झाली होती. पालनी म्हणजे बुध्या, बावा, मोरखी अशी होळीतली रूपं घेणाऱ्यांनी पाळायचे नियम. खाटेवर बसायचं नाही, झोपायचं जमिनीवर. अंघोळ नाही. पायात काही घालायचं नाही. बायकोपासून दूर राहायचं. पांढरे बूट मोलगीतच मामाच्या घरी खुंटीला गेले. मुलगा लहानपणी फार आजारी पडला होता, तेव्हा आईने नवस बोलला होता. तो आता फिटायचा होता, एका वर्षात नव्हे, ओळीने पाच वर्षं नाचून. “मिलवाल्याला काय सांगितलं?” मी विचारलं. “लग्न आहे म्हणून सांगितलं,” तो म्हणाला. “होळीला एवढी रजा कोण देतो, सर?”

साज चढवायचं काम मामाकडे. मामा जुना बुध्या, अर्धं आयुष्य या वाटा तुडवलेला. आप संप्रदायाचा माणूस. भेटणाऱ्याला “आप की जय” म्हणणारा आणि मोहाच्या थेंबालाही न शिवणारा. हा संप्रदाय तळोदा तालुक्यातल्या रंजनपूरच्या गुलाम महाराजांचा. त्यांनी १९३० च्या दशकात दारू सोडायला सांगितलं आणि हजारो आदिवासी त्यांच्या मागे गेले. ते अभिवादन अजून या डोंगरात ऐकू येतं. होळीत मोहाची दारू नसते असं मी म्हणणार नाही. पण पालनीतला माणूस शुद्धीत नसेल तर त्याला रिंगणात कुणी उभं करत नाही, हे मामाने दोनदा बजावलं.

तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं होतं, शेजारी राख. मामा बांबूची काडी पिठात बुडवून पोराच्या छातीवर, पाठीवर, दंडांवर ठिपके देत होता. ठिपका ओला असताना पोराने श्वास जरा मोठा घेतला की तो ओघळायचा आणि मामाची शिवी यायची. पोटावर रेघा, तोंडावर राख. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा उंच टोप, त्याला बेगड आणि मोरपिसं. सगळ्यांत अवघड काम कमरेचं. वाळवलेले दुधी भोपळे दोरीत ओवून कमरेला बांधायचे, खाली मोठाले घुंगरू. दोरी सैल राहिली तर भोपळे मांड्यांवर आपटतात, घट्ट झाली तर मध्यरात्रीपर्यंत कातडी सोलते. मामाने आत जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. मग उठवून उभं केलं आणि म्हणाला, “पायाने नको वाजवू. कमरेने वाजव.”

पोराने एक झटका दिला. भोपळे एकमेकांवर खडखडले, पण बेतालच. अंगणात त्याच्या निम्म्या वयाचा एक चिमुरडा बुध्या होता, तोही पहिल्यांदाच निघालेला. त्याने गुडघे वाकवून असा ठेका धरला की सगळे हसले. सुरतवाला ओशाळला. मिलमध्ये त्याच्या हाताखाली म्हणे दोन यंत्रं होती.

संध्याकाळी काठीची वाट धरली. मोलगीकडून, खालच्या पाड्यांकडून, डोंगराच्या सोंडांवरून माणसांच्या रांगा उतरत होत्या. आधी घुंगरू ऐकू यायचे, मग माणसं दिसायची. पोहोचेपर्यंत अंधार पडला. पोलीस, दुकानं, भजी, आइस्क्रीमच्या गाड्या, दिव्यांचे झोत आणि त्यांतून ये-जा करणारी ही अंगभर ठिपक्यांची माणसं. मोरखींचे टोप गर्दीच्या वर डुलत होते. स्त्रीवेशातले पुरुष, धनुष्य घेतलेले शिकारी, तोंडाला काळं फासलेली काली हातातला लाकडी पळा पोरांवर उगारत फिरत होती. एक पोर घाबरून माझ्या पायांना बिलगलं आणि मी परका आहे हे लक्षात येताच दुप्पट ओरडलं.

मग ढोल सुरू झाले. प्रत्येक गावाचा आपला जथा, आपला ढोल, आपलं रिंगण. शेजारी उभं राहून तो ढोल कानाने ऐकावा लागत नाही, तो बरगड्यांत वाजतो. नव्याचं पहिलं काम म्हणजे आपल्या गावाचा ढोल ओळखून त्यालाच चिकटून राहणं. वीस पावलांवर दुसऱ्या गावाचा दुसरा ताल पाय ओढत असतो. आमचा सुरतवाला पहिल्या तासात दोनदा भलत्याच रिंगणात गेला. मामाने दोन्ही वेळा टोपाला धरून आणला.

मध्यरात्रीनंतर त्याचे तळवे बोलू लागले. बुटांची सवय झालेले पाय ते. एका खडकाशी तो टेकला तेव्हा टाचेला चीर पडलेली दिसली, कमरेचे दोन भोपळे तडकले होते, ठिपक्यांचं घामाने पीठ झालं होतं. जवळच्या दुकानापुढे रिकामी खाट होती. त्याने तिच्याकडे बघितलं, मी बघितलं, दुकानदारानेही. कुणी काही बोललं नाही. तो खाली मातीतच बसला. शेजारी चिमुरडा बुध्या वडिलांच्या मांडीवर टोपासकट झोपून गेला होता. मग मामा आला, पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाला, “आता उठ. पाय थंड झाले तर उठवणार नाही तुला.” तो उठला. यानंतर त्याचं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. एवढंच, की पहाटे तीनच्या सुमारास मी त्याला शोधत होतो आणि तो मातीत नसून तालात होता. भोपळे ढोलावर पडत होते.

पहाटेच्या सुमारास दांडा आला. हा बांबू खूप उंच, गुजरातच्या जंगलातून निवडून आणलेला. सरळ आणि शेंड्यापर्यंत अखंड हवा. त्याचा खड्डा अवजाराने खणत नाहीत, हातांनीच उकरतात. खाली पूजा, दाळ्या, खजूर, खोबरं, हार-कंगन. मग शेकडो हात लागले आणि दांडा डुलत डुलत उभा राहिला. राजघराण्याच्या वंशजाच्या हातून होळी पेटली तेव्हा पूर्व उजळत होती. वर ड्रोन घोंघावत होता. पर्यटक पुढे सरकले तसे म्हातारे मागे ढकलले गेले. नवस फेडायला आलेल्या एका बाईला रिंगणापर्यंत पोहोचायला मोबाइल धरलेल्या हातांखालून वाकून जावं लागलं. ही होळी बघायला बाहेरच्यांनी येऊ नये असं मला वाटत नाही. पण जी जागा नाचणाऱ्याने पालनी करून मिळवलेली असते ती कॅमेऱ्याला फुकट का मिळावी, हे कळत नाही.

दांडा जळत कोणत्या अंगाला पडतो याकडे सगळ्यांचे डोळे होते. तो पडला तसा एकच कल्लोळ झाला, आणि लगेच पुढच्या होळीची बोलणी सुरू झाली. आता मोलगी.

परतीच्या वाटेवर नर्मदाकाठचा एक जथा बरोबर होता. सरदार सरोवराने नंदुरबार जिल्ह्यातल्या ३३ गावांना पाण्याचा फटका दिला. मणिबेली त्यांतलं पहिलं. काहींना तळोदा तालुक्यात सोमावलसारख्या वसाहतींत जमिनी मिळाल्या, काही वरच्या उतारावर सरकून तिथेच राहिले. एका वृद्धाने सांगितलं की त्याच्या गावाची होळी जिथे पेटायची तिथे आता होडी चालते. सपाटीवर गेलेले भाऊबंद होळीला डोंगरात येतात, कारण तिकडे घर आहे, शेत आहे, पण चालत जावं अशी पुढची होळी नाही.

मोलगीत दिवसभर बुध्ये दुकानादुकानांपुढे नाचून फाग मागत होते. दहा, वीस, एखादी पन्नासाची नोट. सुरतवाला लंगडत होता, तरी दुकानदाराने हात आखडता घेतला की कमरेने असा खडखडाट करायचा की बिचारा गल्ल्याकडे वळे. तडकलेल्या भोपळ्यांच्या जागी नवे घ्यावेत म्हणून त्याने बाजारात चौकशी केली. मामाने त्याला तिथेच झापलं. बुध्याचे भोपळे विकत घ्यायचे नसतात म्हणे, ते घरचे लागतात. या रात्रीपुरतं मामा आपलेच दोन देणार होता. जूनमध्ये पहिल्या पावसाला सुट्टी काढून ये, कुडाशेजारी वेल लाव, आणि ती लावायला आईला सांगू नकोस, स्वतः लाव, असा हुकूम झाला. जूनमध्ये कोणाचं लग्न दाखवायचं, या विचारात पोरगं मुकाट्याने दोरी सोडवत बसलं.