रातपाळीवाल्याचा सिनेमा

सूतगिरणीत सिनेमा तोंडानं सांगता येत नाही. रिंगफ्रेमच्या खात्यात हजारो चात्या एकदम गरगरतात, शेजारच्याच्या कानात बोंबललं तरी कळत नाही. म्हणून आम्ही हातानं बोलतो. दोन बोटं कपाळाला लावली की पोलीस. मूठ वर केली की मारामारी. २०१६ ला मी नुकताच लागलो होतो तेव्हा बाजूच्या एका सायडरनं मला आख्खा 'सैराट' असा हातानं सांगितला. विहीर सांगितली, बुलेट सांगितली, झिंगाट तर कंबरेनंच सांगितलं. शेवट आला तेव्हा त्यानं नुसतं बोट तळपायाला लावलं, ते बोट जमिनीवर दोनतीनदा टेकवलं, आन् तुटलेला धागा सांधायला वळला. एवढं नेमकं परीक्षण मी कुठल्या पेपरात वाचलं नाही.

तर मित्रहो, मी काही जाणकार नाही. शाळा नववीत सुटली. पुढचं वाचन रद्दीच्या दुकानात आन् मिलिंद कॉलेजातल्या एका दोस्ताच्या कार्डावर झालं. पैसे असले तर थेटर, नसले तर मोबाईल, त्याची काच तीन ठिकाणी चिरलीय. संपादकांनी कविता मागितली होती. कविता पुढच्या अंकाला बघू. पाहिलेलं डोक्यात साठलंय ते आधी मोकळं करतो.

'फँड्री'पासून सुरुवात करावी लागते, कारण त्याच्या आधी पडद्यावर आम्ही होतो ते दुसऱ्यांच्या डोळ्यांतलं पाणी काढायला. १९३६ ची 'अछूत कन्या' घ्या, १९५९ ची 'सुजाता' घ्या. पोरगी गुणी, सोशिक, आन् तिच्याकडं बघून वरच्यांचं मन विरघळणार. म्हणजे आम्ही माणूस ठरायचं तर आधी गुणी असलं पाहिजे. नागराज मंजुळेचा जब्या गुणीबिणी नाही. तो काळ्या चिमणीची राख करून शालूवर टाकायला निघालेला पोरगा. जीन पँटीसाठी झुरणारा. बापावर चिडणारा. तो डुक्कर धरायला निघतो आन् शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. आख्खं घर जागच्या जागी उभं. डुकराला कुठलं राष्ट्रगीत? हसू येतं आन् हसू घशातच अडकतं. मग काठीला बांधलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीपुढनं जातात, अन् भिंतीवर आपले सगळे महापुरुष रंगवलेले. नागराज तिथं एक शब्द बोलत नाही. आपल्या सभांमध्ये ह्या एका चित्रावर दोन तास भाषण झालं असतं.

शेवटचा तो दगड. जब्या मारतो तो सरळ आपल्याकडं येतो. 'फँड्री' लागला १४ फेब्रुवारी २०१४ ला. त्याच वर्षी २८ एप्रिलला नगर जिल्ह्यात खर्ड्याला सतरा वर्षांच्या आपल्या पोराला मारून टाकलं, वरच्या जातीतल्या पोरीशी बोलतो म्हणून. अडीच महिन्यांचं अंतर. २०१७ ला कोर्टातनं आरोपी सुटले, साक्षीदार फिरले. टाळ्या वाजवून बाहेर पडलेल्यांत खर्ड्याला कितीजण गेले? दगड सिनेमातल्या सिनेमातच राहिला.

'सैराट'बद्दल लई लिहून झालंय. मला एकच सांगायचंय. शंभर कोटींच्या वर धंदा झाला तो आमच्या नाचण्यावर झाला, आन् हिंदीवाल्यांनी २०१८ ला त्याचा 'धडक' काढला तेव्हा त्यातनं जातच काढून टाकली. मटणातनं मटण काढून रस्सा वाढला! पुढं २०२५ ला 'धडक २' आला, तो तमिळ 'परियेरुम पेरुमाल'वरनं. ह्यात जात ठेवलीय. सात वर्षं लागली त्यांना तो शब्द उच्चारायला. पण मूळ तमिळ बघा. त्यात शेवटी दोन चहाचे ग्लास टेबलावर आहेत, नुसते शेजारी शेजारी. मला तमिळ येत नाही, ग्लास येतात.

आता मालिका. स्टार प्रवाहवर २०१९ ला बाबासाहेबांवरची मालिका सुरू झाली, २०२० ला संपली. सागर देशमुख बाबासाहेब झाला होता. आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत त्या टायमाला कुकरची शिट्टीसुद्धा कुणी होऊ देत नव्हतं. माझं मत विचाराल तर मालिका मालिकेसारखीच होती. एक वाक्य बोललं की चार तोंडं दाखवायची, विजा चमकवायच्या. झोपड्या अशा सारवलेल्या की त्यात राहायला जावंसं वाटावं. माय बघता बघता म्हणली, "ही रमाई गौऱ्या थापती म्हंत्यात, मग हिच्या नखात शेण कुठंय रं?" मी वहीत लिहून ठेवलंय ते. पण त्याच मायला महाडचं १९२७ सालचं तळं, १९३२ चा पुणे करार, हे सगळं ह्या मालिकेनं सांगितलं. मी सांगत होतो तेव्हा ती म्हणायची, जेव आधी. गांधींच्या उपोषणाचे भाग चालू होते तेव्हा ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. तेव्हा मी माझी समीक्षा खिशात घातली.

त्याउलट जब्बार पटेलांचा सिनेमा. सरकारी पैशातनं झालेला, २००० साली आलेला. मामुट्टीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आन् तो मिळावा असंच काम आहे त्याचं. चवदार तळ्याशी ओंजळ भरतो तिथं मी उठून बसलो होतो. पण सिनेमा इंग्रजीत! ज्या माणसानं १९२० ला 'मूकनायक' मराठीत काढला, त्याचा सिनेमा आमच्या मायला डबिंग करून ऐकवायचा. मोठ्या लोकांची मोठी कारणं असतील. जगाला कळावा म्हणून केला म्हणतात. जगाला कळला का ते जग जाणे, मुकुंदवाडीला तो मालिकेइतका कळला नाही.

'कोर्ट' मी तीन रातपाळ्यांत तुकड्या-तुकड्यानं पाहिला. आमच्यातले काहीजण कंटाळले, कॅमेरा हलतच नाही म्हणले. अरे, कोर्टात तारीख हलते का? त्यात गटारात मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. दगड टाकायचा, झुरळं बाहेर आली तर आत जिवंत राहता येतं. हे ती भाजीचा भाव सांगावा तशी सांगते. आन् खटला कुणावर, तर गाणं म्हणणाऱ्या शाहिरावर. तो शाहीर झाला होता नागपूरचा वीरा साथीदार, खरा कार्यकर्ता, चळवळीतला माणूस. २०२१ च्या एप्रिलात कोरोनानं गेला. नटाला पुरस्कार द्यायचा की माणसाला सलाम करायचा ते मला अजून ठरवता येत नाही.

माझा सगळ्यात जवळचा सिनेमा मात्र कुणी फारसा बोलत नाही असा आहे. नीरज घायवानचा 'गीली पुच्ची', २०२१ चा, 'अजीब दास्तान्स'मधल्या चार गोष्टींतला एक. कोंकणा सेन शर्मा त्यात कारखान्यात मशीनवर आहे, भारती मंडल. तिला ऑफिसातली कॉम्प्युटरची जागा पाहिजे. काम येतं तिला. जागा मिळते प्रिया शर्माला. तिथं मी मोबाईल उलटा ठेवला. कारण आधी मी होतो त्या ठिकाणी हजेरी लिहायला माणूस पाहिजे होता. माझं अक्षर खात्यात सगळ्यांना ठाऊक, पोरांचे अर्ज मीच लिहायचो. मला बोलावलं, एक पान लिहून घेतलं, वा म्हणले. मग आडनाव विचारलं. मग म्हणले, तुझ्यासारखा सायडर गेला तर खात्याचं कसं व्हायचं? कौतुकानं मारलं. शिवी दिली असती तर परत देता आली असती.

भारती मंडल रडत बसत नाही, म्हणून मला ती आवडते. ती डाव खेळते. जात लपवते, बॅनर्जी सांगते, मैतर होते, आन् शेवटी ती खुर्ची घेते. प्रियाच्या घरी तिला चहा स्टीलच्या भांड्यात येतो, बाकीच्यांना कपात. ती तो पिते. एका पुस्तकी दोस्तानं मला विचारलं, हे नैतिक आहे का? मी म्हणलो, तू कपात पितोस ना, मग गप.

तारणहाराचे सिनेमे मला आता झेपत नाहीत. 'आर्टिकल १५' मध्ये बामण साहेब येतो आन् त्याला भारताचा शोध लागतो. 'झुंड'मध्ये बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं उभा राहतो तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण पोरं मैदानात आधीपासून होती. तमिळ 'जय भीम'मध्येही वकीलच मोठा, तरी त्यातली ती बारकी पोरगी शेवटी खुर्चीत पायावर पाय टाकून पेपर उघडते, तेवढ्यासाठी मी त्याला माफ केलं.

आन् 'होमबाउंड', २०२५ चा, परत घायवानचाच. दोन दोस्त, एक आपला चंदन, एक मुसलमान शोएब. पोलीसभरतीची वाट बघतात, अर्जात चंदन राखीव जागेवर खूण करत नाही. मग सुरतेच्या गिरणीत. मी सिनेमाभर त्यांच्या केसांत रुई शोधत होतो. चंदनच्या आईच्या टाचांना भेगा आहेत, त्या मला शोधाव्या लागल्या नाहीत. लॉकडाऊन लागतो आन् दोघं घराकडं निघतात. इथं माझं सिनेमा बघणं संपलं.

कारण आमच्या मुकुंदवाडी स्टेशनातनं जो रूळ जालन्याकडं जातो, त्यावर चिकलठाण्याच्या पुढं करमाड आहे. ८ मे २०२० च्या पहाटे तिथं रुळावर झोपलेल्या सोळा मजुरांवरनं मालगाडी गेली. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यातले, मध्य प्रदेशातले गडी. रेल्वे बंद आहे म्हणून रुळांनी चालले, दमले, झोपले. पेपरात फोटो आला तो माणसांचा नव्हता, रुळावर पडलेल्या रोट्यांचा होता. त्या दिवसांत आमचं खातं बंद होतं, मी घरी होतो. ती मालगाडी पुढं आमच्याच वस्तीच्या बाजूनं जायची. 'होमबाउंड'मध्ये मरण रस्त्यावर येतं, दोस्ताच्या मांडीवर. चंदनला मांडी तरी मिळाली, असं माझ्या मनात आलं. सिनेमा ऑस्करला पाठवला देशानं. रोट्यांचा फोटो कुठं पाठवला?

मला बघायचाय तो सिनेमा नामांतराचा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला, आन् मराठवाड्यात गावोगाव आमच्या वस्त्या पेटल्या. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या कमानीवर नाव आलं. मधली साडेपंधरा वर्षं घ्या, त्यात शंभर सिनेमे आहेत. खात्यात जेवणाच्या सुट्टीत मी हे बोललो तर पोरं म्हणली, हिरो कोण? माय ऐकत असती तर म्हणली असती, हिरो गेले झाडाखाली. ती तेव्हा सहा वर्षांची. आजीनं तिला एका बगलेत मारलं, दुसऱ्या हातात पितळी तांब्या, आन् रातोरात ज्वारीच्या पिकातनं पळत सुटली. कुडाचं घर मागं जळत होतं. तांब्याच का घेतला, पैशाची गाठोडी का नाही, हे विचारायच्या आधी आजी गेली.

तांब्या अजून घरात आहे. एका बाजूला पोचा आलाय. कुणी काढणार असंल सिनेमा तर शूटिंगला देतो, फक्त घासून लखलखीत करायचा नाही.