उत्तर वाचणारं कोणीतरी हवं

आम्ही दोघं पेशानं शिक्षक. मुंबईत होतो तेव्हा परीक्षा संपली की घरात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येत. जेवणं आटोपून आम्ही लाल पेन घेऊन बसायचो. 'रिकाम्या जागा भरा' आणि 'जोड्या लावा' भराभर संपायचं. खरा वेळ जाई तो 'सकारण उत्तरे लिहा' या प्रश्नात. मुलं चाळीस, तर उत्तरं चाळीस तऱ्हांची, आणि प्रत्येकाला काय म्हणायचंय ते शोधून काढावं लागे.

आता इथे अमेरिकेत आमची नातवंडं लॅपटॉपवर परीक्षा देतात. बटण दाबलं की गुण हजर! पुष्कळ वाचकांनी आपल्या घरी हे पाहिलं असेल. पण ते सॉफ्टवेअर उत्तर तपासतं कसं, हे आपल्या वयाच्या माणसांना कोणी सांगत नाही. म्हणून हे चार शब्द.

चार पर्यायांतून एक निवडायचा असेल तर काम सोपं. लहान उत्तर टाइप करायचं असेल, तर शिक्षकांनी आधी भरून ठेवलेल्या उत्तराशी ते ताडून पाहिलं जातं. गूगल फॉर्म्समध्ये जुळलं नाही की गुण नाही. मूडल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये शिक्षक अनेक उत्तरं भरून ठेवू शकतात, एखाद्याला अर्धे गुण देऊ शकतात, आणि ताऱ्याची खूण घालून 'इथे काहीही चालेल' असंही सांगू शकतात. परिच्छेदभर उत्तर असेल, तर मात्र नेहमीच्या पद्धतीत ते शिक्षकांची वाट बघत पडून राहतं.

आमच्या नातवाला एकदा प्रश्न आला: १७७३ साली बॉस्टनच्या बंदरात लोकांनी चहा पाण्यात का फेकला? त्यानं लिहिलं, 'सरकारनं त्यांना न विचारता कर लावला म्हणून.' भरून ठेवलेलं उत्तर होतं 'प्रतिनिधित्वाशिवाय कर'. अर्थ तोच, शब्द वेगळे. मिळालं शून्य. पोर गप्प झालं. "कॉम्प्युटर चुकत नाही, आजी," म्हणाला. आम्ही त्याला सांगितलं, "बाळा, कॉम्प्युटरनं तुझं उत्तर वाचलेलंच नाही, नुसतं जुळवून पाहिलंय. उद्या बाईंना विचार." त्याच्या आईला हे पटेना. मास्तरांना उलट विचारायचं नाही, हे आपल्याकडचं वळण! पण तो गेला. बाईंनी उत्तर वाचलं, पूर्ण गुण दिले, आणि मग वर्गातल्या बाकीच्यांची उत्तरंही स्वतः वाचली. आणखी तिघांचे गुण वाढले.

हे झालं एका वर्गाचं. टेक्सास राज्यात २०२४ च्या वसंतातल्या 'स्टार' परीक्षेत मुलांची लेखी उत्तरं आधी कॉम्प्युटरनं तपासली आणि त्यांतली सुमारे पाव उत्तरं माणसांनी पुन्हा पाहिली. यात वर्षाला दीड ते दोन कोटी डॉलर वाचतील असा तिथल्या शिक्षण खात्याचा अंदाज होता. आदल्या वर्षी सुमारे सहा हजार तपासनीस लागले होते. त्या वर्षी दोन हजारांपेक्षा कमी पुरतील असं ठरलं. पालकांना फेरतपासणी मागता येत होती. फी ५० डॉलर, गुण वाढले तर माफ. आपल्या एस.एस.सी. बोर्डाची आठवण झाली की नाही?

कल्पना तशी जुनी आहे. कनेक्टिकट विद्यापीठातले एलिस पेज हे आधी इंग्रजीचे शिक्षक होते. त्यांनी १९६६ साली कॉम्प्युटरकडून निबंध तपासण्याचा प्रयोग मांडला. यंत्राला अर्थ कळत नव्हता. ते निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, स्वल्पविराम असं मोजून गुणांचा अंदाज बांधत होतं. पुढे एम.आय.टी.चे लेस पेरेलमन यांनी २०१४ साली विद्यार्थ्यांबरोबर एक प्रोग्राम केला. तीन शब्द द्या, तो भारदस्त पण निरर्थक निबंध लिहून देई. अशा निबंधांना तपासणाऱ्या यंत्रांनी चांगले गुण दिले!

माणसं फार शहाणी असंही नाही. याच पेरेलमन यांनी २००५ साली दाखवलं की एस.ए.टी. परीक्षेत माणसांनी तपासलेल्या निबंधांतही लांब निबंधाला जास्त गुण पडत होते. आपल्याकडे पुरवण्यांवर पुरवण्या जोडणारी मुलं उगीच जोडत होती का?

सॉफ्टवेअरचे फायदेही सांगितले पाहिजेत. मुलाचं नाव झाकून उत्तर वाचता येतं. सगळ्या वर्गाचा एकच प्रश्न ओळीनं तपासता येतो, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या मुलाला एकच माप लागतं. गिचमिड अक्षर लावत बसावं लागत नाही. आमच्या काळी हे असतं तर आमचे डोळे थोडे वाचले असते.

पण 'का' आणि 'कसं' विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मुलानं शिक्षकाला सांगितलेली गोष्ट असते. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत त्या मुलांचे शब्द पुस्तकातले नसतात, समज मात्र पक्की असते. म्हणून आजीआजोबांनो, नातवंडांचे नुसते गुण विचारू नका, "तू लिहिलंस काय?" असं विचारा. आणि मुलांनो, उत्तर बरोबर आहे अशी खात्री असेल, तर शिक्षकांकडे जा आणि नम्रपणे म्हणा, "माझं उत्तर एकदा वाचाल का?" यात उलट बोलणं काहीच नाही.