खापर चढलं तोरणमाळला

आखाजी हा खानदेशातल्या लेकींचा सण. वैशाख शुद्ध तृतीयेला सासरी गेलेली लेक माहेरी येते, लिंबाला झोका बांधते, गौराईपुढे गाणी म्हणते आणि चार दिवस कुणाचं ऐकत नाही. शहाद्याजवळच्या आमच्या गावात मी हे असंच पाहत वाढले. यांना तोरणमाळला आश्रमशाळेत नोकरी लागली आणि आम्ही घाट चढून वर राहायला आलो, तेव्हा मायनं संसाराच्या सामानात गोणपाटात गुंडाळलेलं मातीचं खापर दिलं. पुरणाचे मांडे त्याच्यावरच व्हायला हवेत, तव्यावर नाही, हा तिचा हट्ट. आज तो माझाही आहे.

तोरणमाळ सातपुड्यात साडेतीन हजार फुटांहून जास्त उंचीवर आहे. आखाजीला खाली शहाद्यात अंगाची काहिली होत असते, तेव्हा इथं यशवंत तलावावरून संध्याकाळी गार वारा येतो. स्वयंपाकाला मात्र ही उंची जाणवते. पाणी इथं सुमारे 96 अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात हरभऱ्याची डाळ शिजायला खालच्यापेक्षा जास्त वेळ घेते. कुकरनं काम भागतं, पण आखाजीचं पुरण मी पातेल्यातच शिजवते. पहाटे डाळ चुलीवर चढवायची, तोवर मुलींनी घागर मांडायची. पितरांच्या नावानं भरलेली पाण्याची घागर, तिच्यावर मातीचं लहान भांडं, त्यावर खरबूज आणि सांजोऱ्या. आमच्याकडे पितरांना आमरस दाखवल्याशिवाय वर्षाचा पहिला आंबा कुणी तोंडात घालत नाही. धाकटीला हे पाळणं फार जड जातं, कारण इथल्या आवारातच आंबे लटकलेले असतात.

मांड्याचं खरं काम कणकेत आहे. पीठ फडक्यानं गाळून घ्यायचं, मीठ-तेल घालून भिजवायचं आणि पाण्याचा हात लावत तिंबत राहायचं. धरून उचललं तर लोंबेल पण तुटणार नाही, इतकी ती सैल आणि चिवट व्हायला हवी. मग पुरण भरून गोळा दाबायचा आणि दोन्ही हातांवर फिरवत वाढवायचा, पार कोपरापर्यंत. पालथ्या खापरावर तो एका झोकात पडला पाहिजे. मनगट घट्ट धरलं की फाटतो. माय म्हणायची, शिकून घे, सासरी नाव निघेल. मुलींना शिकवताना हे वाक्य मी मुद्दाम वगळलं आहे. कुणाच्या घरी नाव काढायला नाही, ही आपल्या हातातली कला आहे म्हणून त्यांनी शिकावं, असं मला मनापासून वाटतं. मुलगा असता तर त्यालाही बसवलं असतं.

थोरली दहावीनंतर शहाद्याला वसतिगृहात राहायला गेली. तिचं अंथरूण रिकामं दिसलं, तेव्हा मायला माझ्या लग्नानंतर काय झालं असेल ते कळलं. आता ती सुट्टीत, आखाजीच्या आधी, घाटाच्या गाडीनं वर येते. सासरहून नव्हे, अभ्यासातून माहेरी आलेली लेक. झोका तिला तसाच लागतो, फक्त आमचा आंब्याला असतो आणि त्यावर इथल्या पावरा आदिवासी मैत्रिणींची झुंबड असते. होळीच्या आधी त्या मुलींबरोबर माझ्या मुली भोंगऱ्या बाजाराला जातात, ढोल ऐकतात, महाशिवरात्रीला गोरक्षनाथाच्या यात्रेत गुजरात-मध्य प्रदेशातून चालत आलेल्या भाविकांना पाणी देतात. माझ्या मुलींचं सणांचं वर्ष माझ्या वर्षाहून मोठं आहे.

आणि जेवणही. थोरली आल्या आल्या काय मागते? शेजारच्या पावरा आजींकडची आमचूर घातलेली उडदाची डाळ आणि मक्याची भाकर. पहिल्यांदा मला जरा लागलं होतं, खोटं कशाला बोलू. नंतर आजींजवळ बसून मीच ती डाळ शिकले. आमच्या घरी आमटीला चिंच असायची. आमचुराची आंबट चव वेगळी, उडदाच्या बुळबुळीतपणाला ती बरोबर छेद देते. मोर आणि बर्टी या भरडधान्यांचा भातही आजींमुळेच आमच्या ताटात आला. माझ्या नातवंडांना आजीच्या हातचं म्हणून जे मिळेल, त्यात हे सगळं असणार.

या आखाजीला मांडे माझ्याबरोबर दोघींनी केले. थोरलीचा हात सुटला आहे. धाकटीचे मांडे अजून खापरावर चौकोनी पडतात, पण पुरण बाहेर येत नाही. एक ताट झाकून दोघींनी आजींकडे नेलं. तिथून त्या परतल्याच नाहीत. आमच्या धडगाव भागात हे दिवस आमचुराच्या घाईचे असतात. घरोघरी कैऱ्या सोलून फोडी केल्या जातात आणि त्या छपरांवर, खडकांवर वाळत पडतात. बाजारचा मोठा पैसा याच दिवसांत हाती येतो. सणाची नवी ओढणी कमरेला खोचून माझ्या मुली कैऱ्या सोलत बसल्या होत्या, बोटं चिकानं काळी झालेली. जेवायला या म्हटलं तर धाकटी म्हणाली, "आई, तू वाढून ठेव. पश्चिमेला ढग दिसतोय, फोडी भिजल्या तर काळ्या पडतील, मग आजींना भाव मिळणार नाही." मग मीही विळी घेऊन बसले.