तळव्यातली थरथर

अजूनही रात्रीच्या एसटीत खिडकीच्या दांडीला हात टेकला, की ती तळव्यातून वर चढते, मनगटापाशी थोडी रेंगाळते, कोपरापर्यंत जाते आणि मला ग्रीसचा नि रॉकेलचा वास येऊ लागतो. वास खरा नसतो. थरथर खरी असते.

आमची जीप दादांनी सरकारी लिलावात घेतली, तेव्हाच ती म्हातारी होती. पाटण-कऱ्हाड रस्त्यावर एरवी शहाण्यासारखी चालायची. पण मल्हारपेठेच्या पुढे एक खड्डा होता. त्यात डावं चाक गेलं की आधी स्टेअरिंग किंचित कुजबुजायचं, मग पुढची चाकं डावी-उजवी, डावी-उजवी झिंगायला लागायची, बॉनेट नाचायचं, आणि दादा दात आवळून वेग पंधरा-वीसवर उतरवेपर्यंत ती काही थांबायची नाही. दोन्ही चाकं एकाच आसाला बांधलेली. एकानं मान हलवली की दुसऱ्यालाही हलवावीच लागते.

शेजारी बसलेली आजी समोरची लोखंडी दांडी घट्ट धरून विचारायची, "धरणी हलली का गाडी रं?"

आम्हाला हसू यायचं. तिला नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेच्या भूकंपात, घराची मागची भिंत तिच्या डोळ्यांदेखत बसली होती. पुढे कित्येक वर्षं मांडणीवरची ताटं किणकिणली की चुलीवरचं तसंच टाकून ती अंगणात यायची. धक्के येतच राहिले, आजही येतात. ते का येतात हे सांगताना शिकली-सवरली माणसं धरणाच्या पाण्याकडे बोट दाखवत. आजीला उत्तर नकोच होतं. थांबायला हवं होतं, एवढंच.

मला वाटतं, म्हणूनच दादांना जीपच्या थरथरीचा इतका लळा होता. हिचं मूळ हाताला लागण्यासारखं होतं.

कऱ्हाडच्या टायरवाल्यानं रिमला शिशाचे तुकडे ठोकून चाकं बॅलन्स करून दिली. फरक नाही. (बॅलन्सचा दोष असता तर ठरावीक वेगाला आपसूक सुरू झाला असता, ही खड्ड्याची वाट बघायची.) मग एका रविवारी अंगणात गोणपाट अंथरून दादा जीपखाली शिरले. इंजिन बंद, मी सीटवर. "हलव. थोडं. फार नको." मी स्टेअरिंग दोन बोटं डावीकडे, दोन बोटं उजवीकडे करत राहिलो, आणि ते खाली एकेक सांधा मुठीत धरून, गाभण म्हशीच्या कुशीला हात लावून पारडाची हालचाल बघावी तसे, गप्प पडून राहिले.

"ये खाली."

धाकट्याला वर बसवलं. दादांनी माझा तळवा टाय रॉडच्या टोकाच्या सांध्यावर ठेवला. तेलकट, थंड, वरचं रबर फाटलेलं. धाकटा स्टेअरिंग हलवायचा, रॉड सरकायचा आणि चाक मात्र क्षणभर मागे राहायचं. त्या क्षणात तळव्याला काहीतरी टोचायचं. आवाज नव्हे, आवाजाच्याही आधीचं.

"लागलं?"

"लागलं."

इतकंच. पण इतक्या जवळून दादा माझ्याशी क्वचितच बोलले असतील.

सांधे बदलले. जॅक लावून चाक वर-खाली हलवलं, तेव्हा किंगपिनचं बेअरिंगही ढिलं निघालं. पाटे बसले होते, म्हणून मिस्त्रीनं आस नि पाट्यांच्या मध्ये लोखंडी पाचर घातली. सायकलचा चिमटा कललेला असतो, म्हणून तर हात सोडले तरी ती सरळ जाते. तसा कल पुढच्या चाकांना परत मिळावा म्हणून. पाचर ही एरवी दुसऱ्याच्या कामात मारायची वस्तू. इथं तिनंच काम केलं.

पुढच्या बाजाराला आम्ही निघालो. मल्हारपेठ गेलं. खड्डा आला आणि डावं चाक बरोबर त्यात उतरलं. दादांनी ते मुद्दाम घातलं, मी पाहिलं. जीप एकदाच दचकली नि सरळ झाली. दादांनी स्टेअरिंगवरची पकड हळूच सैल केली. हात नुसते टेकवून ठेवले, बराच वेळ, काही येतंय का बघत. काही आलं नाही.

आजीनं मात्र समोरची दांडी कऱ्हाड येईपर्यंत सोडली नाही.