संमती कोणाची लागते?

राजकीय विचारांचे जुने ग्रंथ शिकवणं हे माझं काम. त्यात एक शिस्त मी पाळतो: पान उलटण्याआधी लेखक कुठे उभा होता, ते पाहायचं.

झां बोदँचा राज्यावरचा ग्रंथ १५७६ चा. १५७२ मध्ये पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली होती आणि फ्रान्स धर्मयुद्धांनी पोखरला होता. सार्वभौम सत्ता अखंड आणि अविभाज्य असते, हा त्याचा आग्रह त्या रक्तपाताजवळ ठेवून वाचला, की त्यातली कळकळ कळते.

योहानेस अल्थुसियसचा 'पोलिटिका' १६०३ मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी एम्डेन या बंदराच्या शहराने त्याला आपला कायदेविषयक अधिकारी नेमलं. १६३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तिथेच राहिला आणि पूर्व फ्रीसियाच्या काउंटविरुद्ध शहराच्या हक्कांसाठी झगडला. त्याची मांडणी कुटुंबापासून सुरू होते. मग व्यवसायसंघ, शहर, प्रांत आणि शेवटी राज्य. प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या करारावर उभी. सार्वभौमत्व अविभाज्य, हे त्यालाही मान्य होतं. पण त्याचा मालक राजा नव्हे, संघटित लोकसमुदाय. राजा फक्त कारभारी.

विद्यार्थी इथे विचारतात, "सर, मग अखेरचा शब्द कोणाचा?" तेव्हा मी उत्रेख्तचा १५७९ चा करार समोर ठेवतो. स्पेनच्या राजाविरुद्ध लढणाऱ्या नेदरलंड्सच्या प्रांतांनी तो केला. युद्ध, तह आणि सामायिक कर यांना सगळ्या प्रांतांची संमती हवी होती. धर्माची व्यवस्था हॉलंड आणि झीलंडने स्वतःच ठरवायची होती. मात्र प्रांत आणि संघ यांच्यात धर्मावरूनच वाद पेटला, तेव्हा निवाडा कोणी करायचा याचं पक्कं उत्तर नव्हतं. हॉलंडची बाजू मांडणाऱ्या वयोवृद्ध ओल्डनबार्नेवेल्टचा १६१९ मध्ये द हेग इथे शिरच्छेद झाला.

हा प्रसंग शिकवताना वर्ग गप्प होतो, आणि व्हायलाच हवा. संघराज्याचा करार केवळ अधिकारांच्या वाटणीने टिकत नाही. वाटणीवर भांडण झालं तर ते कुठे मिटवायचं, हेही त्यात लिहिलेलं असावं लागतं.

म्हणून कोणतीही राज्यघटना हाती घेतलीत, तर सर्वोच्च कोण हे शोधण्याआधी दोन गोष्टी शोधा: संमती कोणाची लागते, आणि ती नाकारली तर निवाडा कोण करतं.