आधी ते मेलं का, ते बघा

२०१८ च्या मे महिन्यात, कॉलेजच्या सुटीत, आम्ही दोघं कॅलिफोर्नियात सॅक्रॅमेंटोला धाकट्या मेहुण्याकडे गेलो होतो. सासरे आमच्या आधी दोन महिने तिथं जाऊन राहिले होते. माझी सासुरवाडी हुबळीची, घरात कन्नड. मामा परिवहन मंडळाच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्तीनंतर हातातला पाना सुटला, आणि अमेरिकेत तर बोलायलाही कुणी नाही. दिवसभर खिडकीशी बसून असायचे. मी गेल्यावर घरात मराठी-कन्नडची खिचडी शिजू लागली, एवढाच काय तो विरंगुळा.

मेहुण्याला जुन्या गाडीचं वेड. त्याची १९९२ सालची लाल माझदा मियाटा, दोघांपुरती, छप्पर मागं टाकता येणारी स्पोर्ट्स कार. एक दिवस तो चेहरा पाडून घरी आला. गाडी ‘स्मॉग चेक’मध्ये नापास झाली होती.

आपल्याकडे पीयूसीचं प्रमाणपत्र पंपाशेजारच्या टपरीत दोन मिनिटांत मिळतं. तिथं १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी परीक्षा, फक्त नव्या गाड्यांना सुरुवातीची काही वर्षं सूट. नापास झालात की नोंदणीचं नूतनीकरण अडतं. मियाटासारखी जुनी गाडी रोलरवर चालवून धुरातलं न जळलेलं पेट्रोल, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतात. हा कडकपणा उगाच आलेला नाही. लॉस एंजलिसवरचं डोळे झोंबवणारं धुकं मुख्यत्वे गाड्यांच्या धुरातून तयार होतं, हे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात दाखवून दिलं, तेव्हापासूनची ती शिस्त.

गॅरेजवाल्यानं निदान केलं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला. मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस, मला हा डबा ऐकूनच माहीत. मेहुण्यानं समजावून सांगितलं. गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या अलीकडे तो बसवलेला असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट, आणि तिच्या बारीक भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ लेप. प्लॅटिनम आणि पॅलेडियममुळे उरलेलं पेट्रोल आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड जळून जातो. ऱ्होडियममुळे नायट्रोजनच्या ऑक्साइडांतला ऑक्सिजन सुटा होतो. धातू मात्र या कामात खर्च होत नाहीत.

रात्री जेवणाच्या टेबलावर पर्याय मांडले गेले. कंपनीचा मूळ सुटा भाग सगळ्यांत महाग. इतर राज्यांत चालणारा स्वस्त कन्व्हर्टर कॅलिफोर्नियात बसवणं बेकायदा. जुना, वापरलेला विकायला तर २००९ पासून बंदीच. उरला कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळानं मंजूर केलेला दुसऱ्या उत्पादकाचा. एका मित्राचा सल्ला निराळाच होता: “डबाच काढ आणि सरळ पाइप टाक. आवाजही झकास येईल.” मेहुणा क्षणभर डळमळलेला दिसला.

तोवर गप्प बसलेले मामा म्हणाले, “मोदल अदु याक सत्तैति नोडु.” आधी ते मेलं का, ते बघ.

“अप्पा, जुना झाला म्हणून मेला,” मेहुणा म्हणाला.

“तो आपणहून मरत नाही. कोणीतरी मारतो,” मामा म्हणाले. वास्तविक त्यांच्या जुन्या डिझेल बसना हा डबा नव्हताच. पण बिघाड शोधायची रीत तीच ना!

अंधार पडल्यावर त्यांनी गाडी अंगणात घ्यायला लावली, बॉनेट उघडलं आणि इंजिन सुरू करायला सांगितलं. प्लगच्या एका वायरीवरून निळी ठिणगी बाहेर उडत होती! वायर कितीतरी वर्षांत बदललेलीच नव्हती. ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही, सिलिंडरमधलं पेट्रोल जळत नाही, ते तसंच कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथं पेटतं. त्या उष्णतेनं सिरॅमिक वितळतं. सकाळी गाडी थंड असताना मामांनी डब्यावर रबरी हातोडीनं हलकेच ठोकलं. आत तुकडे खुळखुळले. वायरीकडे न बघता नवा डबा बसवला असता, तर तोही याच वाटेनं गेला असता.

मग इंजिन ऑइल जळत नाही ना, ते पाहिलं, कारण ऑइलमधल्या फॉस्फरसचा थर बसला की लेप निकामी होतो. वायरी, प्लग आणि मिश्रणाचा अंदाज घेणारा ऑक्सिजन सेन्सर बदलला. त्यानंतरच खरेदी. मंजुरीचा क्रमांक डब्यावर कोरलेला असतो, आणि ती मंजुरी ठरावीक मॉडेल, साल आणि इंजिनापुरतीच असते. बॉनेटखालच्या लेबलशी मेहुण्यानं ती दोनदा ताडून पाहिली. वेल्डिंग लागणारा सरसकट डबा न घेता बोल्टनं बसणारा घेतला. पाच वर्षांची किंवा पन्नास हजार मैलांची हमी मिळाली. बसवताना मेहुणा गाडीखाली आणि मामा शेजारी स्टुलावर, पाने देत. “बाण मागच्या बाजूला आहे ना?” त्यांनी तीनदा विचारलं. धूर कुठल्या दिशेनं जायचा, ते तो बाण सांगतो.

गाडी पास झाली. त्या संध्याकाळी छप्पर उघडं टाकून मेहुणा पहिल्यांदा वडिलांना फिरवून आला. मामांच्या पांढऱ्या केसांचा पार विस्कटलेला अवतार आणि तोंडावरचं हसू अजून आठवतं. त्या दिवसानंतर ते खिडकीशी बसले नाहीत.

आपल्या देशात चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो एप्रिल १९९५ मध्ये, आणि देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं २००० साली. शिशानं हा डबा निकामी होतो, म्हणून दोन्ही गोष्टी जोडीनंच याव्या लागल्या. तरीही गेल्या वर्षी बेळगावात माझ्या जुन्या गाडीला धक्के बसू लागले तेव्हा मेकॅनिक म्हणाला, “सर, तो डबा काढून टाका, ॲव्हरेज वाढतं.” अर्थशास्त्रात याला दुसऱ्याच्या माथी मारलेला खर्च म्हणतात. माझं पेट्रोल वाचणार आणि सिग्नलला मागं थांबलेल्या स्कूटरवरचं पोर तो धूर गिळणार.

मामा २०२१ मध्ये गेले. मी मेकॅनिकला त्यांचंच वाक्य कन्नडमध्ये ऐकवलं. तो हसला आणि त्यानं आधी प्लग काढून पाहिले. दोष तिथंच होता. डबा शाबूत आहे.