बळकट आणि चिवट

१९७० साली रोल्स-रॉइसच्या इंजिनातील कार्बनतंतूंची पाती पक्ष्याच्या आघाताची चाचणी पार करू शकली नाहीत. तंतू बळकट होते; त्यांना बांधणारी राळ मात्र ठिसूळ. पुढे संशोधकांनी राळेत रबराचे सूक्ष्म कण मिसळले. तडा त्यांच्यापाशी अडखळतो, आपली शक्ती गमावतो आणि थर सहजी सुटत नाहीत. अशी चिवट राळ लाभलेली पाती १९९५ साली जीई-९० इंजिनासह प्रवासी सेवेत दाखल झाली.

हे वाचताना तिशीत लिहिलेले एक परीक्षण आठवले. मित्राच्या पहिल्या कवितासंग्रहाविषयीचे त्यातले एकही विधान खोटे नव्हते. पण मार्दवाचा एक कणही नव्हता. त्याने पुन्हा कविता लिहिली नाही. बळकटी आणि चिवटपणा यांतले अंतर मला साठीनंतर उमगले; सांगावे, तर तो आता नाही.